जेव्हा मराठी दिसायला ग्राफिक्स कार्ड लागायचं

जुन्या डेस्कटॉपमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड कशासाठी टाकतात? माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे: गेम. फार तर व्हिडिओ एडिटिंग, आणि हल्ली एआयचे प्रयोग. आमच्या रहाटणीत आयटीवाल्यांची वस्ती दाट आहे, आणि बहुतेक घरांत माळ्यावर नाहीतर बेडखाली एक काळा कॅबिनेट धूळ खात पडलेला असतो. त्यामुळे वीकेंडला कुणीतरी विचारतंच, "अरे, ह्यात एखादं कार्ड टाकलं तर चालेल का?" त्याचं उत्तर लेखाच्या शेवटी देतो. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. पुण्यात एक काळ असा होता की पीसीच्या स्लॉटमध्ये जादा कार्ड बसवायचं कारण गेम नव्हतं. कारण होतं क, ख, ग.

हो, अगदी अक्षरशः. स्क्रीनवर मराठी अक्षरं उमटावीत म्हणून एक वेगळं कार्ड विकत घ्यावं लागायचं. त्याचं नाव 'जिस्ट' कार्ड, आणि ते सी-डॅकचं, म्हणजे आपल्या पुण्याचं. रहाटणीहून औंधमार्गे दहा-बारा किलोमीटरवर पुणे विद्यापीठाचं आवार आहे, तिथली ही गोष्ट.

आधी मुळात अडचण काय होती ते बघू. आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्याच्या मदरबोर्डवर डिस्प्लेची सोयच नव्हती. पाच स्लॉट होते आणि त्यातल्या एकात डिस्प्लेचं कार्ड घालावं लागे. पर्याय दोन. पहिला एमडीए, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणारं एकरंगी कार्ड. दुसरा सीजीए, म्हणजे रंग आणि चित्रं दाखवणारं, पण अक्षरांच्या बाबतीत गचाळ.

एमडीएचं काम कसं चाले ते समजून घेण्यासारखं आहे. स्क्रीनवर ८० रकाने आणि २५ ओळी, म्हणजे २००० खाने. प्रत्येक खान्यासाठी दोन बाइट: एक अक्षराचा क्रमांक, दुसरा ते ठळक आहे का, अधोरेखित आहे का वगैरे माहितीचा. एकूण ४००० बाइट, म्हणून कार्डावरची मेमरी फक्त ४ केबी. अक्षरांचे आकार कुठे असायचे? कार्डावरच्याच एका रॉम चिपमध्ये. २५६ आकार, कारखान्यातून येतानाच पक्के झालेले. प्रोग्रॅमने ६५ हा क्रमांक पाठवला की रॉममधला 'ए' खान्यात जाऊन बसणार. त्या २५६ मध्ये इंग्रजी होती, युरोपातली काही अक्षरं होती, चौकटी काढायच्या रेघा होत्या, इतकंच काय दोन हसरे चेहरेसुद्धा होते :) 'ळ' मात्र नव्हता.

सीजीएवर ग्राफिक्स मोडमध्ये हवं ते काढता यायचं, पण ६४० × २०० एवढ्या जागेत. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात 'स्त्री' किंवा 'ऊर्ध्व' काढून बघा एकदा वहीवर. वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, आणि त्यातून शिरोरेघ. जमतच नाही.

ही अडचण फक्त आपली नव्हती, आणि इथे या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता माणूस येतो. व्हॅन सुवन्नुकुल नावाचा एक थाई विद्यार्थी अमेरिकेत पीएचडी करत होता. त्याला आपला प्रबंध आयबीएम पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता. एमडीएच्या रॉममध्ये थाई अक्षरं नाहीत, आणि सीजीएचं रिझोल्यूशन थाई लिपीला पुरत नाही. (थाईमध्येही आपल्यासारखीच वर-खाली चिन्हं लागतात. शेवटी तीही ब्राह्मीच्याच कुळातली.) मग त्याने स्वतःच कार्ड बनवलं: एमडीएसारखी स्वच्छ अक्षरं, आणि शिवाय ७२० × ३४८ चं एकरंगी ग्राफिक्स. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हर्क्युलिस नावाच्या गावात त्याने कंपनी काढली आणि कार्डाला तेच नाव दिलं. ते 'हर्क्युलिस' कार्ड पुढे इतकं चाललं की त्याची नक्कल सगळ्यांनी केली. भारतात आलेल्या अनेक पीसींमध्येही हर्क्युलिस किंवा त्याची नक्कलच असायची.

म्हणजे बघा, बाहेरच्या कंपनीने बनवलेल्या पहिल्या गाजलेल्या ग्राफिक्स कार्डाचा जन्म आपल्या लिपीत लिहायच्या हट्टातून झाला. गेम वगैरे सगळं नंतरचं.

आता आपल्याकडे येऊ. यंत्र आणि देवनागरी यांचं भांडण पीसीच्या बरंच आधीचं आहे. शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यात देवनागरी जुळवायला शेकडो वेगवेगळे खिळे लागायचे, कारण प्रत्येक जोडाक्षराचा तुकडा वेगळा. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करायचा खटाटोप केला. सावरकरांनी तर लिपीतच सुधारणा सुचवली. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं टाकून द्या आणि 'अ'लाच वेलांटी-उकार लावा, म्हणजे 'अि, अी, अु, अू'. त्या काळात अशी छापलेली पुस्तकं आजही जुन्या वाचनालयात सापडतात. पुढे टाइपरायटर आला आणि चाळीस-पंचेचाळीस कळांत सगळी देवनागरी कोंबायची वेळ आली. मग जोडाक्षरं पाय मोडून लिहा, काही चिन्हं टाकूनच द्या, असा प्रकार.

या सगळ्या प्रयत्नांमागची माणसं मोठी होती आणि त्यांची तळमळ खरी होती. पण एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक वेळी यंत्र तसंच राहत होतं आणि बदलायचं लिपीने होतं.

कानपूरला झालेलं काम याच्या उलट दिशेने गेलं. आयआयटी कानपूरमध्ये १९७० च्या दशकापासून भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं संशोधन चालू होतं. प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे ही त्यातली दोन महत्त्वाची नावं. १९८३ मध्ये दिल्लीत तिसरं विश्व हिंदी संमेलन भरलं, तिथे त्यांच्या देवनागरी टर्मिनलचा नमुना लोकांना दाखवला गेला. त्यातूनच पुढे जिस्ट आलं. सुरुवातीचा अर्थ 'ग्राफिक्स अँड इंडियन स्क्रिप्ट टर्मिनल', नंतर नाव तेच ठेवून लांबलचक रूप बदललं.

मग हे पुण्यात कसं आलं? १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून हवा तसा क्रे महासंगणक मिळेना, आणि सरकारने ठरवलं की आपणच बनवू. त्यासाठी १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, डॉ. विजय भटकर त्याचे पहिले प्रमुख. १९९१ मध्ये तिथे परम ८००० तयार झाला. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण त्याच सी-डॅकमध्ये, त्याच सुमाराला, कानपूरची जिस्टची टीमही आली, तांबेंच्या नेतृत्वाखाली. परमचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात गेलं आणि जिस्ट विसरलं गेलं. माझं प्रामाणिक मत सांगू? आज माझ्या आणि तुमच्या खिशात परमचा काहीही अंश नाही, जिस्टचा मात्र आहे. कसा, ते पुढे येईलच.

जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसायचं. त्याची खरी गंमत ही की वापरायचा प्रोग्रॅम बदलावा लागत नसे. त्या काळात ऑफिसात काय चालायचं? डॉस, आणि त्यावर वर्डस्टार, लोटस १-२-३, डीबेस. हे सगळे प्रोग्रॅम अमेरिकेत इंग्रजीसाठी लिहिलेले. त्यांना देवनागरी शिकवायला त्यांचा सोर्स कोड आपल्याकडे नव्हता. जिस्टवाल्यांनी मधला मार्ग काढला. प्रोग्रॅम टेक्स्ट स्क्रीनला क्रमांक पाठवतोय ना? पाठवू दे. ते क्रमांक वाचून जोडाक्षरं, वेलांट्या, रफार जुळवून चित्र काढायचं काम कार्ड करेल. डीबेसला वाटतंय की आपण नेहमीसारखे बाइट हाताळतोय, आणि स्क्रीनवर दिसतंय 'रहाटणी'.

आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर डेटा आणि डिस्प्ले वेगळे केले. आज हे वाक्य इंटर्नसुद्धा मुलाखतीत फेकतो. पण १९८० च्या दशकात, केबीत मेमरी मोजायच्या दिवसांत, ते हार्डवेअरमध्ये उतरवणं ही साधी गोष्ट नव्हती.

हे जमायचं तर क्रमांक ठरलेले हवेत. तो ठराव म्हणजे इस्की. १९८८ मध्ये त्याची एक आवृत्ती आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १३१९४ म्हणून तो प्रसिद्ध केला. एका बाइटमध्ये २५६ जागा. पहिल्या १२८ इंग्रजीसाठी जशाच्या तशा ठेवल्या आणि वरच्या भागात आपली वर्णमाला बसवली. क म्हणजे १७९, ख १८०, ग १८१, असं ओळीने. 'रहाटणी' लिहिलं की फाइलमध्ये जातं २०७, २१६, २१८, १८९, १९३, २२०. म्हणजे र, ह, काना, ट, ण, दीर्घ वेलांटी. जसं आपण उच्चारतो तसं.

इथे आकाराला क्रमांक दिलेला नाही, वर्णाला दिलाय. 'स्त्री' म्हणजे स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, असे सहा क्रमांक. त्याचं चित्र कसं काढायचं हा कार्डाचा प्रश्न. यातून तीन फायदे आपोआप मिळाले. एक, शेकडो जोडाक्षरं साठवायची गरज नाही, कारण ती वर्णांपासून बनतात. दोन, क्रमांक वर्णमालेच्या क्रमाने असल्यामुळे डीबेसने नावांची यादी लावली की ती साधारण अ ते ज्ञ अशीच लागणार. तीन, आणि हा सगळ्यात भारी, तमिळपासून गुजरातीपर्यंत ब्राह्मीतून आलेल्या लिप्यांना तेच क्रमांक. वरचे सहा आकडे तसेच ठेवून फक्त लिपी बदलली की 'रहाटणी' गुजरातीत दिसणार. कीबोर्डही तसाच. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि सगळ्या लिप्यांना मांडणी एकच.

मराठीची खास सोयही त्यात होती. 'ळ'ला जागा होती, आणि 'ऱ' वेगळा होता (क्रमांक २०८, 'र'च्या लगेच पुढे). आपल्या 'दुसऱ्या' आणि 'सुऱ्या'मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र याच 'ऱ'ला हलन्त जोडून काढतात. 'आचार्य' आणि 'आचाऱ्या' यातला फरक हिंदीवाल्यांना नाही कळणार, पण आपल्याला तर कळतो ना!

याचं महत्त्व कशात होतं? महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. म्हणजे कारभार मराठीत करायचा हे कायद्याने ठरलेलं. आमची पिंपरी-चिंचवड महापालिका १९८२ ची, जवळपास पीसीच्याच वयाची. ऑफिसं एकेक करून कॉम्प्युटरवर जाऊ लागली, आणि साध्या पीसीला येत होती फक्त इंग्रजी. म्हणजे टाइपरायटरवर मोडकीतोडकी का होईना पण मराठी होती, आणि तिच्या जागी आलेल्या आधुनिक यंत्रावर तीही नाही. माणसांची नावं रोमनमध्ये लिहा नाहीतर कॉम्प्युटर वापरू नका, असे दोनच रस्ते. जिस्टमुळे तिसरा रस्ता निघाला. पण तो पैसे मोजून निघत होता. इंग्रजी पीसीबरोबर यायची आणि मराठीसाठी वेगळं कार्ड घ्यावं लागायचं, ही गोष्ट मला आजही टोचते. अर्थात तो दोष कार्ड बनवणाऱ्यांचा नव्हे. त्यांनी दार उघडून दिलं.

मग ते कार्ड गेलं कुठे? तर ग्राफिक्स सुधारलं आणि कार्ड गेलं. १९८७ मध्ये व्हीजीए आलं, ६४० × ४८० आणि सोळा रंग. मग विंडोज आलं, जिथे सगळा स्क्रीनच चित्र असतो आणि अक्षरं फॉन्टमधून येतात. रॉमची सक्ती संपली. आता देवनागरी काढायला वेगळं हार्डवेअर लागेना, सॉफ्टवेअर पुरे झालं. तिकडे स्लॉटही बदलत गेले. आयएसएच्या जागी १९९२ मध्ये पीसीआय, मग फक्त ग्राफिक्ससाठी एजीपी, मग पीसीआय एक्सप्रेस. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचं वूडू आलं आणि 'ग्राफिक्स कार्ड' म्हणजे 'गेम' हे समीकरण तिथून घट्ट झालं.

मराठीसाठी ही प्रगतीच, नाही का? इथेच खरी मेख आहे.

विंडोजवर जो तो आपापले मराठी फॉन्ट बनवू लागला. डीटीपीवाल्यांना ते आवडले, कारण अक्षरं सुंदर होती आणि छपाई झकास यायची. पण बहुतेकांनी शॉर्टकट घेतला. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. फाइलमध्ये साठायचे ते आकारांचे क्रमांक, वर्णांचे नाही. आणि कुठला आकार कुठल्या जागी, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. वर्तमानपत्रांच्या साइट बघायला प्रत्येकाचा वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा, हे थोरल्या ताई-दादांना विचारा. शोधता येत नाही, क्रमाने लावता येत नाही, एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येत नाही. जिस्टने जे दोन भाग वेगळे केले होते ते पुन्हा एकमेकांत गुंतले. दिसायला सुंदर, साठवायला बिनकामाचं.

यातून सोडवलं युनिकोडने. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि भारतीय लिप्यांचे भाग आखताना त्यांनी आधार घेतला १९८८ च्या इस्कीचा. वर्णाला क्रमांक, हलन्ताने जोडाक्षर, सगळ्या लिप्यांची समांतर मांडणी, हे तिथूनच आलं. लिप्यांना वेगवेगळी घरं मिळाली, पण घराचा नकाशा तोच. विंडोज २००० मध्ये हिंदीबरोबर मराठीही आली, आणि सोबत प्रा. र. कृ. जोशींनी रेखाटलेला मंगल फॉन्ट. एक्सपीमध्ये मात्र कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिक करावी लागे आणि विंडोजची सीडी घालावी लागे. त्या चौकोनापुढे लिहिलेलं असायचं की गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइली टाका, आणि कंसात 'थाईसह'. हर्क्युलिसवाल्या सुवन्नुकुलची थाई आणि तांबेंची देवनागरी शेवटी एकाच टिकमध्ये येऊन बसल्या होत्या!

आज जिस्ट कार्डाचं काम हार्फबझ नावाची एक लायब्ररी करते. अँड्रॉइडमध्ये आहे, क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे. व्हॉट्सॅपवर तुम्ही 'दुसऱ्या' टाइप करता तेव्हा वर्णांचे क्रमांक घेऊन कुणीतरी जुळणी करत असतंच. मघाशी खिशात जिस्टचा अंश आहे म्हटलं ते याच अर्थाने. कार्ड भंगारात गेलं, पण त्यासाठी जे मानक लिहिलं गेलं ते टिकलं.

असो. आता त्या काळ्या कॅबिनेटकडे.

समजा तुमचा डेस्कटॉप २००८-१० च्या सुमाराचा आहे, इंटेलच्या जी३१ सारख्या चिपसेटचा. तर त्यात पीसीआय एक्सप्रेसचा एक लांब स्लॉट असतो आणि नवी कार्डंही त्यात बसतात, कारण आवृत्त्या मागच्यांशी जुळतात. वेग जुन्या आवृत्तीचा मिळेल एवढंच. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, म्हणून वेगळी पॉवर केबल न लागणारं, कमी उंचीचं छोटं कार्ड बघा. जुन्या स्वस्त एसएमपीएसवर भरवसा ठेवू नका. बायोस जुना असेल तर काही नवी कार्डं स्क्रीनच उजळत नाहीत, तेव्हा विकत घेण्याआधी दुकानात मशीन नेऊन लावून बघा. मॉनिटर निळ्या व्हीजीए केबलचा असेल तर नव्या कार्डावर ते भोक नसतंच, कन्व्हर्टर लागेल. आणि मदरबोर्ड एजीपीचा असेल तर राहू द्या.

पण स्क्रू काढायच्या आधी, किंवा ई-कचऱ्यात देण्याच्या आधी, तो डेस्कटॉप एकदा चालू करा आणि 'माय डॉक्युमेंट्स' उघडा. कुणीतरी त्यात मराठीत काहीतरी लिहिलेलं असायची शक्यता दाट आहे. आमच्या सोसायटीच्या सुरुवातीच्या सभांचं इतिवृत्त असंच एका जुन्या फॉन्टमध्ये आहे. कुणाच्या आजोबांच्या आठवणी असतील, कुणाच्या आईने टाइप केलेल्या पाककृती, कुणाचं एमएचं टिपण. यातलं काहीही गुगलला सापडत नाही, आणि फॉन्ट गेला की तुम्हालाही वाचता येणार नाही.

तेव्हा तीन गोष्टी करा. विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधले मराठी फॉन्ट फाइलींसोबत कॉपी करा. त्याच मशीनवर, तिथे अक्षरं नीट दिसतायत तोवर, महत्त्वाच्या फाइलींच्या पीडीएफ करून ठेवा, म्हणजे निदान वाचता तरी येतील. आणि मग फॉन्टचं नाव बघून त्याचा युनिकोड कन्व्हर्टर शोधा. बऱ्याच प्रचलित फॉन्टचे मिळतात. रूपांतर झाल्यावर रफार, ऱ्ह आणि ऱ्या नजरेखालून घाला, कारण घोळ तिथेच होतो.

एका फाइलीला फार तर दहा मिनिटं लागतात. कार्ड काय, पुढच्या शनिवारीही टाकता येईल.